अंदमानला जाताना आधी पंचांग उघडा

"बाई, अंदमानला जायचं ठरतंय. पाच रात्रींत सगळं होईल ना?" असा फोन आला की मी उलट विचारते, "कोणत्या महिन्यात?" रत्नागिरीच्या शाळेत मी नोकरीभर भूगोल शिकवला. माझे विद्यार्थी आता स्वतः मुलाबाळांचे झालेत आणि सहलीचं काही निघालं की हक्कानं फोन करतात. माझी भाची नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं पोर्ट ब्लेअरला राहत होती. तिच्याकडे मी वेगवेगळ्या ऋतूंत राहून आले, त्यामुळे हे बेट मला टूरच्या वेळापत्रकाबाहेरचंही थोडं ठाऊक आहे.

आधी त्या 'सगळं'बद्दल. अंदमान-निकोबारची साखळी दक्षिणोत्तर सुमारे साडेसातशे किलोमीटर पसरली आहे. मुंबईहून नागपूरला जावं एवढं हे अंतर, आणि तेही समुद्रातून. लहानमोठी बेटं आणि खडक धरून मोजले तर संख्या आठशेच्या वर जाते. माणसं राहतात ती बेटं तिसेक. त्यातलं सगळं निकोबार दहा अंश सामुद्रधुनीच्या पलीकडे आहे आणि आदिवासींसाठी राखीव असल्यामुळे खास परवान्याशिवाय तिथे जाता येत नाही. म्हणजे पाच रात्रींच्या सहलीत आपण पाहतो ते दक्षिण अंदमानचं एक टोक आणि जवळची दोन-तीन बेटं. तेवढं मान्य केलं की सहल आखणं सोपं होतं, कारण मग धावाधाव करायचं कारणच उरत नाही. टूर कंपन्या 'पॉइंट' मोजून दाखवतात. मी सांगते, बेटं दोनच घ्या आणि प्रत्येक ठिकाणी एक रात्र जास्त राहा.

आता महिना. नैऋत्य मोसमी वारे केरळात शिरण्याआधी अंदमानला पोचतात, साधारण वीस मेच्या सुमारास. हे आपण सातवी-आठवीत शिकतो आणि तिकिटं काढताना विसरतो. तिथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आकड्यानं तो आमच्या रत्नागिरीसारखाच. पण आमचा पाऊस चार महिन्यांत सगळा देऊन मोकळा होतो, तिथे मे ते डिसेंबर तो येत-जात राहतो. नैऋत्येचे वारे परतले की ईशान्येचे सुरू होतात. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. नेमकी हीच आपली दिवाळीची आणि नाताळची सुट्टी. २०१६च्या डिसेंबरात हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते आणि नौदलाच्या जहाजांनी त्यांना सोडवून आणलं. पुढे वरदा चक्रीवादळ झालं, त्याचाच तो कमी दाबाचा पट्टा होता.

म्हणून ज्यांना शाळेची अडचण नाही त्यांना माझं एकच उत्तर असतं: जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत जा. समुद्र शांत असतो, पाणी नितळ असतं, बोटी सहसा रद्द होत नाहीत. निवृत्त मंडळी दिवाळीच्या गर्दीत चढ्या भावाचं तिकीट काढून तिकडे का जातात, हे मला कळत नाही. मुलं शाळेतली असतील तर वार्षिक परीक्षा संपल्या संपल्या, एप्रिलच्या उत्तरार्धात निघावं. उकाडा होईल, पण उकाडा कोकणात राहणाऱ्याला नवा नाही आणि पाण्यात उतरलं की तो जाणवत नाही. दिवाळीशिवाय इलाज नसेल तर परतीच्या विमानाच्या आधीची पूर्ण एक रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवा. बाहेरच्या बेटावरून सकाळची बोट आणि दुपारचं विमान, अशी जोडणी कुणीही कितीही खात्रीनं दिली तरी घेऊ नका. वाऱ्याचा बावटा लागला की बोट सुटत नाही, आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

महिन्यानंतर सूर्य. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरची. रत्नागिरी त्र्याहत्तरच्या आसपास, पोर्ट ब्लेअर ब्याण्णवच्या पुढे. मध्ये जवळजवळ वीस अंश आणि अंशाला चार मिनिटं. घड्याळ एकच, पण तिथला सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तासाहून जास्त पुढे. डिसेंबरात तिथे पाच वाजता सूर्य बुडतो आणि साडेपाचला काळोख असतो. मे-जूनमध्ये पहाटे पाचला लख्ख उजाडलेलं असतं. आपली मंडळी नऊला नाश्ता करतात, साडेदहाला हॉटेल सोडतात आणि दुपारच्या जेवणानंतर जरा पडतात. एवढ्यात तिथला दिवस संपत आलेला असतो. माझा एक चिपळूणचा विद्यार्थी घरच्यांना घेऊन गेला होता. तिसऱ्या दिवसापासून त्यानं पहाटे पाचला चहा, साडेपाचला किनारा, अकराला जेवण असा क्रम लावला. परत आल्यावर म्हणाला, "बाई, खरी सहल तिसऱ्या दिवशी सुरू झाली." तुम्ही ती पहिल्या दिवसापासून करा. नील बेटावर सूर्योदय सीतापूरच्या किनाऱ्यावर पाहायचा, सूर्यास्त लक्ष्मणपूरला. हॅवलॉकचा राधानगर किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, तेव्हा तिथे दुपारी तीनच्या आत पोचायला हवं.

हॅवलॉक आणि नील ही दोन बेटं म्हणजे नकाशावरची अनुक्रमे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप. २०१८च्या डिसेंबरात त्यांची नावं बदलली, आणि २०२४मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्रीविजयपुरम झालं. तिकिटावर नवी नावं दिसतील, रिक्षावाले जुनी सांगतील; गोंधळून जाऊ नका.

तिसरी गोष्ट तिथी. हिच्याविषयी कुठल्याच टूरच्या कागदावर ओळ नसते, आणि मला तर तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. माझं माहेर गुहागरचं. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब कोकण किनाऱ्याचा आहे. अंदमानला भरतीची घटका वेगळी, तेव्हा हीच पाऊणपट तिथे लावू नका. पण नियम तोच आहे. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकणाऱ्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे चढ-उतार कमी. पोर्ट ब्लेअरच्या भरती-ओहोटीचं कोष्टक भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी काढतो, आणि मोबाइलवरही ते सहज मिळतं. हॉटेल ठरवण्याआधी ते उघडा.

याचा उपयोग कसा, ते नील बेटावर नीट कळतं. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी हे बेट वसवलं. त्यांनी गावांना रामायणातली नावं दिली आणि शेती केली; पोर्ट ब्लेअरच्या बाजारातली बरीच भाजी आजही इथून जाते. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर प्रवाळ खडकाची नैसर्गिक कमान आहे. वस्तीतले बंगाली तिला हावडा ब्रिज म्हणतात. ती पाहायची ती पूर्ण ओहोटीला. तेव्हा पाणी मागे सरतं, खडकांतल्या डबक्यांत समुद्री काकड्या, तारामासे, लहानसे निळे-पिवळे मासे, शिंपल्यांचे ओठ हलवणारी मोठी कालवं दिसतात. स्थानिक वाटाड्या बरोबर घ्या. तो थोड्याशा पैशांत तासभर जे दाखवतो ते आपल्या डोळ्यांना सापडत नाही. भरतीच्या वेळी याच जागी गेलात तर लांबून एक दगड दिसेल आणि 'यात काय आहे' म्हणून परत याल. मी असे नाराज चेहरे तिथे पाहिले आहेत. उलट, भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ पाहायचं तर पाणी पुरेसं चढलेलं लागतं. ओहोटीला बोटीचा तळ प्रवाळाला घासतो, त्यात प्रवाळ मरतं आणि आपल्यालाही काही दिसत नाही. एकाच बेटावर एकाच दिवशी दोन जागा, पण घड्याळातल्या दोन वेगळ्या वेळा. रिक्षावाला सांगेल त्या क्रमानं फिरायचं की पाणी सांगेल त्या क्रमानं, हे तुम्ही ठरवायचं. खडकावर चालायला पक्क्या पकडीची पादत्राणं न्या. स्लिपरनं तिथे पाय कापतो.

बोटींचं सांगायचं तर विमानाच्या तिकिटानंतर लगेच बोट, मग हॉटेल, असा क्रम ठेवा. हंगामात हॉटेलं मिळतात, बोटीच्या सोयीच्या वेळा मिळत नाहीत. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, परत पोर्ट ब्लेअर असा त्रिकोण सगळ्यांत सोयीचा. खासगी वातानुकूलित बोट हॅवलॉकला दीड तासात नेते, सरकारी फेरीला अडीच तास लागतात आणि तिचं तिकीट पुष्कळ स्वस्त असतं. मला सरकारी आवडते. तिच्या उघड्या डेकवर उभं राहता येतं, बरोबर पोर्ट ब्लेअरहून सामान घेऊन घरी निघालेली बेटावरची माणसं असतात, आणि उडते मासे दिसतात. बंद काचेच्या बोटीत बसून समुद्र लागतो तो वेगळाच. ज्यांना लागतो त्यांनी डॉक्टरला विचारून गोळी निघण्याआधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ हवं. थोडे रोख पैसेही हवेत. २०२०मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली तेव्हापासून इंटरनेट सुधारलंय, पण बेटांवर ते मध्येच जातं आणि मग मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत.

पाण्याखाली उतरायची भीती वाटणाऱ्यांना मी मुद्दाम उत्तेजन देते. हॅवलॉकला प्रशिक्षक हाताला धरून उतरवतात, पोहता येत नसलं तरी चालतं. मुलांचं वय दहा पूर्ण हवं. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास असेल तर तो फॉर्मवर खरा लिहा. आणि हा डायव्हिंगचा दिवस शेवटचा ठेवू नका. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना रक्तात नायट्रोजन विरघळतो. तो सावकाश बाहेर पडायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात विमानानं कमी दाबात गेलात तर त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकतं. डायव्हिंग आणि विमान यांत किमान अठरा तास हवेत. मी चोवीस सांगते.

प्रवाळाबद्दल जाहिरातीतल्या रंगांवर जाऊ नका. २०१०मध्ये आणि पुन्हा २०१६मध्ये पाणी तापून इथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. त्याआधी २००४च्या भूकंपात उत्तर अंदमानची जमीन वर उचलली गेली आणि तिथले प्रवाळ खडक पाण्याबाहेर येऊन मेले. दक्षिणेला उलट जमीन खचली. पोर्ट ब्लेअरजवळ सिप्पीघाटची भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली. आपण पाहतो ते या सगळ्यातून तगलेलं आहे. त्यावर पाय ठेवू नका. किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळाचा तुकडाही उचलून आणणं गुन्हा आहे, प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात हे नीट सांभाळलं जातं. जॉली बॉय आणि रेडस्किन ही दोन बेटं आळीपाळीनं उघडतात, म्हणजे एकाला विसावा मिळतो. प्लास्टिक नेता येत नाही, पाण्याच्या बाटलीसाठी अनामत ठेवावी लागते. माणसं यावर कुरकुरतात. मला वाटतं, आपल्या प्रत्येक समुद्रकिनाऱ्यावर असंच व्हायला हवं. पोहण्याबद्दलच्या पाट्यासुद्धा मनापासून वाचा. खाऱ्या पाण्यातल्या मगरी इथे खरोखर आहेत आणि खाडीच्या तोंडाशी त्यांचा वावर असतो. राधानगरजवळच्या खाडीकडच्या बाजूला २०१०मध्ये एका पर्यटक स्त्रीचा मगरीनं जीव घेतला.

मराठी माणूस अंदमानला जातो तो सेल्युलर जेलसाठी, आणि जायलाच हवं. पण पुष्कळ लोक संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाआधी घाईनं आत फिरतात, सावरकरांच्या कोठडीत फोटो काढतात आणि खुर्ची धरायला पळतात. जेलला अख्खी सकाळ द्या. १८९६ ते १९०६ या काळात तो बांधला गेला. मधल्या मनोऱ्यापासून सात दिशांना सात तीनमजली इमारती, आणि एकीच्या दारांसमोर दुसरीची पाठ, म्हणजे कैद्याला समोर दुसरा कैदी दिसूच नये. सातांतल्या आता तीनच उरल्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या कोठडीत उभं राहून खिडकीची उंची पाहा, मग खाली येऊन कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, पाहा. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११च्या जुलैत इथे आले; त्यांचे थोरले बंधू बाबाराव याच तुरुंगात होते. त्यांच्याबरोबर बारींद्रकुमार घोष, उल्हासकर दत्त, भाई परमानंद, पुढच्या काळात बटुकेश्वर दत्त यांचीही नावं तिथे आहेत. १९३३च्या उपोषणात जबरदस्तीनं अन्न घालताना महावीर सिंग, मोहित मोइत्र आणि मोहनकिशोर नामदास हे तिघं गेले. आपण कोठडीत हात जोडतो, तेव्हा ही तीन नावंही आपल्या मुलांना मोठ्यानं वाचून दाखवावीत असं मला फार वाटतं. सावरकरांचं 'माझी जन्मठेप' निघण्याआधी वाचलं असेल तर त्या भिंती अधिक बोलतील. दुपारी समोरच्या रॉस बेटावर जा. इंग्रज अधिकाऱ्यांचं चर्च, बेकरी, नाचघर सगळं वडा-पिंपळाच्या मुळांनी कवळून टाकलंय. कैद्यांचा तुरुंग आणि साहेबांचं नाचघर यांच्यामध्ये फक्त पाण्याची एक पट्टी आहे, ते एकाच दिवशी पाहिलेलं बरं.

आता ज्या जागेला मी नाही म्हणते ती. बहुतेक टूरवाले एक दिवस बाराटांगचा घालतात, चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी म्हणून. त्यासाठी जिरकाटांगच्या नाक्यावर पहाटे अंधारात गाड्यांची रांग लागते आणि पोलिसांच्या पहाऱ्यात हा ताफा जारवांच्या राखीव जंगलातून जातो. जारवा ही शिकारीवर आणि जंगलावर जगणारी जमात. २०११च्या जनगणनेत त्यांची संख्या ३८० होती. १९९०च्या दशकाच्या शेवटापर्यंत ते बाहेरच्यांना जवळ येऊ देत नव्हते. संपर्क सुरू झाला आणि १९९९मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. हा रस्ता त्यांच्या भागात बंद करावा असं सर्वोच्च न्यायालयानं २००२मध्ये सांगितलं होतं. तो सुरूच राहिला. २०१२मध्ये जारवा स्त्रियांना खाऊचं आमिष दाखवून नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गेली. आता गाडी थांबवणं, फोटो काढणं, काही देणं या सगळ्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. तरी गाडीत बसलेले बरेच जण काचेला डोळे लावून कशाची वाट पाहतात ते सगळ्यांना माहीत आहे, आणि चालक हळूच सांगतो, "आज दिसतील बहुतेक."

"पण बाई, आम्ही गुहाच बघायला जातोय," असं मला सांगतात. गुहा चांगल्या आहेत. खारफुटीतून होडीनं जाणारी वाटही सुंदर आहे. पण आपल्या एका दिवसाच्या करमणुकीसाठी दुसऱ्याच्या घरातून रोज ताफे न्यायचे, हे मला पटत नाही. खारफुटी हॅवलॉकलाही पाहता येते. उत्तरेला दिगलीपूरला जायचं असेल, तिथल्या रॉस (हे रॉस वेगळं) आणि स्मिथ बेटांना जोडणारी वाळूची पट्टी आणि सॅडल पीक पाहायचं असेल, तर पोर्ट ब्लेअरहून समुद्रमार्गे बोट असते; त्यासाठी जास्त दिवस काढा.

टूर ठरवताना त्या कागदावरचा बाराटांगचा दिवस खोडायला सांगा आणि त्या जागी नीलला एक रात्र वाढवून मागा. दोन-चार कुटुंबांनी असं मागितलं की कंपन्या आपण होऊन कार्यक्रम बदलतात. माझ्या विद्यार्थ्यांनी मागितलं आणि त्यांना तसा बदलून मिळाला.